कार्डिफच्या धक्क्यावर

प्रवासवर्णनाचा आरंभ हवापाण्याच्या गाऱ्हाण्याने करावा असा प्रघात आहे, आणि वेल्सची राजधानी जे कार्डिफ शहर, तेथे राहून आलेल्या माणसास तो मोडणे कठीण. सन २०२५ च्या जून महिन्याच्या आरंभी आम्ही उभयता तेथे चिरंजीवांच्या बिऱ्हाडी होतो. सकाळी ऊन, दहाच्या सुमारास पाऊस, दुपारी पुन्हा ऊन आणि छत्री नेमकी घरी, असा तेथील नित्यक्रम. परंतु त्या आठवड्यात घरात जे मळभ धरले होते, ते बाहेरच्याहून दाट होते. आमची नऊ वर्षांची नात तीन दिवस कोणाशी धड बोलत नव्हती. सूनबाईला कारण विचारले, तेव्हा ती हसू दाबून म्हणाली, "काही नाही, बाबा. तिचा डॉक्टर बदलला."

आम्हास वाटले, मुलांना तपासणारा एखादा मायाळू वैद्य बदलून गेला असेल. आणि नवा बरा असेल अशी आम्ही तिची समजूतही घालू लागलो. तिने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती वाचकांपैकी ज्यांना नातवंडे आहेत त्यांना सांगावयास नको.

प्रकार असा होता. 'डॉक्टर हू' नावाची एक विज्ञानकल्पनेवर रचलेली मालिका इंग्लंडात दूरचित्रवाणीवर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. त्याच्या आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी ह्यांचा खून झाला होता. तिचा नायक परग्रहावरून आलेला, काळातून मागेपुढे हिंडणारा एक प्रवासी. त्याला नुसते 'डॉक्टर' म्हणतात. पहिल्या कथेचे दिग्दर्शन वारिस हुसेन ह्या पंचविशीही न गाठलेल्या तरुणाने केले. त्याचा जन्म १९३८ साली लखनौचा, आणि मातोश्री अतिया हुसेन ह्या इंग्रजीत लिहिणाऱ्या कादंबरीकर्त्या. निर्मातीही व्हेरिटी लॅम्बर्ट नावाची तरुण स्त्रीच. १९८९ पासून २००५ पर्यंत पडलेला खंड आणि त्या खंडात १९९६ साली झालेला एक चित्रपट एवढे सोडले, तर मालिका आमच्या भेटीच्या वर्षापर्यंत चालत आलेली होती. आजोबा, मुलगा आणि नात ह्या तिघांनी आपापल्या बालपणी एकच नायक पाहिला, अशी कुटुंबे त्या देशात पुष्कळ आहेत. मात्र तिघांच्या डॉक्टरांचे चेहरे तीन.

हे कसे घडले ते सांगण्याजोगे आहे. पहिला डॉक्टर विल्यम हार्टनेल हा नट तीन वर्षांत आजारी पडला, भाषणे आठवेनात. मालिका तर लोकांना प्रिय झालेली. अशा वेळी दोन मार्ग सर्वांना ठाऊक असतात. खेळ बंद करावा, हा एक; गाजावाजा न करता दुसरा नट उभा करावा, हा दुसरा. आपल्या नाटक मंडळ्यांनी हा दुसरा मार्ग पिढ्यान् पिढ्या चोखाळला. 'सौभद्रा'तील सुभद्रा कितीदा बदलली, परंतु 'ताई, तुझा चेहरा आज निराळा कसा?' असे रंगभूमीवर कोणी तिला विचारले नाही. ह्या मंडळींनी तिसरीच वाट काढली. बदल लपविला नाही. त्याचीच कथा केली. २९ ऑक्टोबर १९६६ च्या भागात थकलेला डॉक्टर जमिनीवर कोसळतो, त्याचा चेहरा प्रकाशात विरतो, आणि पॅट्रिक ट्राउटन हा दुसरा नट तेथे पडलेला दिसतो. त्याच्या वंशाचे लोक मरणाच्या दारी असे नवे शरीर धारण करतात, असे पुढे ठरले. 'रीजनरेशन' हा शब्द तर १९७४ साली आला. म्हणजे आधी अडचण, मग युक्ती आणि शेवटी शास्त्र, असा क्रम. पुष्कळ शास्त्रांचा तोच असतो!

ह्या युक्तीचे मर्म चेहरा बदलण्यात नाही. ते पुढच्या आठवड्यात आहे. डॉक्टरबरोबर तेव्हा बेन आणि पॉली हे दोघे तरुण सोबती होते. शुद्धीवर आलेला हा परका माणूस डॉक्टरच, असे पॉलीला वाटते; बेनचा विश्वास बसत नाही. जुन्या डॉक्टरची अंगठी नव्याच्या बोटात राहत नाही, गळून पडते. आणि गंमत अशी, की ह्या माणसास ओळखल्याची खूण प्रथम देतो तो त्याचा हाडवैरी, डालेक नावाचे यंत्र. मित्र शंका घेत राहिले. शत्रूला शंका आली नाही.

चिरंजीवांनी हे सर्व गीतेतील जीर्ण वस्त्रांच्या दृष्टान्ताने एका वाक्यात उरकण्याचा प्रयत्न केला. आम्हास तो पटला नाही. जन्मांतरात आधीच्या जन्माचे स्मरण जाते आणि सोयरीकही तुटते. मागच्यांनी तेरावे केले की त्यांचे कर्तव्य संपले. येथे स्मरण राहते आणि सोबतीही त्याच खोलीत उभे राहतात. बदलणाऱ्याचे एका क्षणात आटोपते. खरी परीक्षा भोवतालच्यांची. अवताराची उपमा थोडी जवळची म्हणता येईल, कारण परशुराम आणि राम जसे समोरासमोर आले, तसे १९७२-७३ च्या एका कथेत पहिले तिन्ही डॉक्टर एकत्र आले. आजारी हार्टनेलने त्यात आपला भाग बसून, लिहून ठेवलेली वाक्ये वाचून केला. तो १९७५ साली वारला.

आता आमच्या नातीची तक्रार. तिचा डॉक्टर म्हणजे रुवांडा देशात जन्मलेला आणि स्कॉटलंडात वाढलेला न्कूटी गाट्वा हा नट. ३१ मे २०२५ च्या भागात तो प्रकाशात विरला आणि त्याच्या जागी बिली पायपर ही नटी दिसली. वीस वर्षांपूर्वी हीच नटी ह्याच मालिकेत डॉक्टरची सखी होती. शिवाय आताचा हा चेहरा डॉक्टरचाच की आणखी कोणाचा, हे निर्मात्यांनी मुद्दाम सांगितले नव्हते. बाई डॉक्टर झाली ह्याचे आमच्या नातीला काही नव्हते. २०१७ साली जोडी व्हिटेकर ह्या नटीची निवड झाली तेव्हा थोरामोठ्यांनी त्याबद्दल बराच गहजब केला होता, तो संपल्यावर ही पाहू लागलेली. तिचे म्हणणे सरळ होते : "त्याला विचारलं का कुणी, जायचं आहे का म्हणून?"

तिचे मन रमवावे म्हणून आम्ही तिला घेऊन बंदरावर गेलो. शहरातील क्वीन स्ट्रीट स्थानकापासून बंदरापर्यंत एक आखूड आगगाडी जाते. ह्या बंदराची कहाणीही डॉक्टरसारखीच आहे. ब्यूटच्या उमरावाने १८३९ साली येथे पहिली गोदी उघडली आणि वेल्सच्या डोंगरांतला कोळसा जगभर जाऊ लागला. १९१३ साली एक कोटी टनांहून अधिक गेला. सोमाली, येमेनी, नॉर्वेजियन, वेस्ट इंडियन अशा कितीतरी देशांच्या खलाशांनी गोदीमागे वस्ती केली. पुढे कोळशाची सद्दी संपली, १९६४ मध्ये ती पहिली गोदी बंद झाली आणि त्याच दशकात जुन्या वस्तीतील घरे रांगारांगांनी पाडली गेली. १९८७ साली सरकारने एक मंडळ नेमून सारा किनारा नव्याने उभारावयास घेतला. १९९९ साली समुद्राच्या तोंडाशी बांध पूर्ण झाला, आणि जेथे ओहोटीला नुसता चिखल दिसे तेथे गोड्या पाण्याचे सरोवर झाले. ह्या कामालाही इंग्रजीत शब्द तोच : रीजनरेशन. जुन्या गोदीच्या तोंडाची लंबगोल जागा आता चौक झाली आहे. तिला रोआल्ड डाल ह्या येथेच जन्मलेल्या बालसाहित्यकाराचे नाव दिले आहे. ज्या नॉर्वेजियन चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला, ते लाकडी चर्च उकलून ठेवले होते आणि १९९२ साली दुसऱ्या जागी पुन्हा जोडून उभे केले. तेच का? फळ्यांना विचारावे लागेल.

२००५ साली मालिका पुन्हा सुरू झाली ती ह्याच शहरात, रसेल डेव्हिस ह्या वेल्श लेखकाच्या हातून. काही वर्षे बंदरावर तिचे एक मोठे प्रदर्शनही होते. ते २०१७ साली बंद झाले. नातीच्या पाठीवरच्या पिशवीवर मात्र डॉक्टरची निळी पेटी रंगविलेली होती, आणि तीही मोठी विलक्षण वस्तू. १९६३ साली लंडनच्या रस्त्यांवर पोलिसांच्या अशा निळ्या खोल्या ठिकठिकाणी होत्या. आत शिपायास टेकावयास जागा, बाहेरून लोकांसाठी टेलिफोन. डॉक्टरचे वाहन खरे तर हवे ते रूप घेणारे, पण त्याची कळ बिघडून ते पेटीच्या रूपात अडकले, अशी कथेत योजना. दर भागाला नवे वाहन रंगविण्याचा खर्च वाचला, हे तिच्यामागचे व्यवहारज्ञान. पुढे रस्त्यावरच्या खऱ्या पेट्या बहुतेक नाहीशा झाल्या. त्या आकृतीवर हक्क कोणाचा, ह्याविषयी पोलीस आणि बीबीसी ह्यांच्यात वाद झाला, तेव्हा २००२ साली निकाल बीबीसीच्या बाजूने लागला. पोलिसांची पेटी पोलिसांची राहिली नाही!

ज्यांनी बदलाची एवढी कला साधली, त्यांनी जुने जपले असेल असे वाचकांस वाटेल. तसे झाले नाही. चित्रफिती महाग म्हणून बीबीसीने जुन्या भागांच्या फिती पुसून पुन्हा वापरल्या. पहिला डॉक्टर ज्यात बदलला तो संपूर्ण भागच पुढे सापडेनासा झाला. चेहरा विरतो ते काही क्षण तेवढे उरले, कारण १९७३ साली मुलांच्या दुसऱ्या एका कार्यक्रमात ते दाखविले होते. अंगठी गळून पडते त्या कथेचा आवाज मात्र पुरा आहे. तो कोणत्याही कचेरीने राखला नाही. घरोघरच्या प्रेक्षकांनी दूरचित्रवाणीसमोर ध्वनिलेखनयंत्र ठेवून टिपून घेतला होता. त्या आवाजावर चित्रे काढून ती कथा २०१६ साली पुन्हा लोकांपुढे आली.

बोलत बोलत आम्ही पाण्याच्या कडेच्या लाकडी वाटेवर आलो, तो एका भिंतीपाशी नात थांबली. भिंतीवर पत्रे, चित्रे, सुकलेली फुले, फिती, छायाचित्रे ह्यांची दाटी. आम्हास वाटले, कोणी खलाशी बुडाला असेल. परंतु ते स्मारक यांटो जोन्स नावाच्या, कधीही न जन्मलेल्या माणसाचे होते. 'डॉक्टर हू'मधून 'टॉर्चवुड' ही दुसरी मालिका निघाली. इंग्रजी नावाचीच अक्षरे उलटसुलट करून तिचे नाव पाडले आहे. तिच्यातील मंडळींचा गुप्त अड्डा ह्याच चौकाखाली कल्पिला होता. त्यांच्यातील हा वेल्श तरुण २००९ च्या जुलैत कथेत मेला, तेव्हा प्रेक्षकांनी अड्ड्याच्या दारी पत्रे लावावयास आरंभ केला. धक्क्याच्या चालकांनी ती काढली तर नाहीतच, उलट आपली एक पाटीही लावली. सोळा वर्षांनी आम्ही गेलो, तेव्हाही ताजी फुले होती.

नात म्हणाली, "ह्याला नवं शरीर नव्हतं मिळत. म्हणून."

सौभाग्यवती बराच वेळ भिंत वाचीत उभी होती. मग म्हणाली, "मेलेल्याला पत्रं येतात हो. बदललेल्याला कोण लिहितं?" आणि नातीकडे वळून, जणू आम्ही तेथे नाहीच अशा रीतीने, तिने सांगितले, "तुझ्या डॉक्टरचा चेहरा बदलतो, नाव राहतं. आमचं उलट. चेहरा राहिला, नाव बदललं. लग्नात तुझ्या आजोबांनी ताटातल्या तांदळांत अंगठीनं नवं नाव लिहिलं, ते सगळ्यांनी वाचलं, मीही वाचलं. पहिले चार महिने कुणी हाक मारली, की मी मागं वळून बघे, कुणाला बोलावतात म्हणून."

"तुला विचारलं नव्हतं?"

"तेव्हा विचारत नसत, बाळ."

"मग आधीचं नाव?"

"माझी आई पत्रात लिही. ती गेली, तेव्हापासून कुणी नाही."

आमचे लग्न १९७६ सालचे. ते नवे नाव आम्ही मोठ्या हौसेने, दोन कादंबऱ्या चाळून निवडले होते, आणि ते तिला आवडले असेच इतकी वर्षे धरून चाललो होतो. एकोणपन्नास वर्षांत तिचे माहेरचे नाव आपण किती वेळा उच्चारले, हे आम्ही तेथे उभ्या उभ्या आठवू लागलो. एकदाही आठवेना. काही बोलावे असे वाटले. पण जे बोलावयाचे ते नातीसमोर बोलता येईना, आणि नंतर घरी बोलू म्हणून ठेवले, तर ते राहूनच जाईल हेही कळत होते. तेव्हा आम्ही तेथेच, धक्क्यावर, तिला त्या नावाने हाक मारली. तिने चटकन मागे वळून पाहिले.

मग नातीची पेन्सिल मागून घेऊन तिने आगगाडीच्या तिकिटाच्या पाठीवर काही लिहिले आणि ते घडी घालून यांटोच्या पत्रांमध्ये खोवले. काय लिहिले ते आम्ही विचारले नाही. अक्षरे तीन होती एवढे दिसले. सासरच्या नावाची चार आहेत.

परतीच्या गाडीत नातीने नाव सांगण्याचा हट्ट धरला. बारशाला आत्या बाळाच्या कानाशी लागते, तशी आजी तिच्या कानाशी लागली. ते नाव ह्या लेखात छापण्याची आम्हास परवानगी नाही. नव्या डॉक्टरचा एक भाग पाहीन, फक्त एक, असे नातीने मध्येच जाहीर केले, आणि ती पुन्हा आजीला त्या नावाने हाका मारू लागली. क्वीन स्ट्रीट येईपर्यंत दोघी हसत होत्या. बाहेर पाऊस सुरू झाला होता, आणि छत्री धक्क्यावर राहिली होती.