खोक्याचा शेवट

मराठीतला 'पन्हळ' हा शब्द पाण्याचा सोबती आहे. छपराच्या कडेने पावसाचे पाणी वाहून नेते ती पन्हळ. आणि तशाच चढउतारांचा, गावोगावच्या घरांवर दिसणारा तो पन्हळी पत्रा. पत्र्याच्या जागी कागद घ्यावा, त्याच्या लाटा पाडाव्यात आणि त्या लाटांना वरून-खालून सपाट कागद चिकटवावा, की पन्हळी पुठ्ठा तयार होतो. बाजारात त्याला 'कोरुगेटेड' म्हणतात. पाण्याला वाट करून देणाऱ्या वस्तूवरून ज्याचे नाव पडले, तो हा पुठ्ठा पाण्यालाच सर्वांत अधिक भितो. ओल लागली की त्याचा कणा मोडतो. आणि अशा ह्या भित्र्या पदार्थात आज आपण गरम, वाफाळते, तेलाने निथळणारे अन्न भरून गावभर पाठवत आहोत.

मराठीच्या अध्यापकांनी पुठ्ठ्यावर का लिहावे, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. उत्तर सरळ आहे. आमच्या एका माजी विद्यार्थ्याची नोकरी २०२०च्या टाळेबंदीत गेली. त्याने आणि त्याच्या आईने पुण्यात घरच्या घरी थालीपीठ, बटाटेवडे, कोथिंबीरवडी करून घरपोच देण्याचा व्यवसाय सुरू केला आणि तो तगला. पुढे खोका बदलायची वेळ आली, तेव्हा "सर, मॅडम, त्याच्यावर छापायला काहीतरी छान लिहून द्या," असे म्हणत तो आमच्याकडे आला. लिहायचे म्हणजे ज्यावर लिहायचे ती वस्तू आधी पाहिली पाहिजे, म्हणून आम्ही दोघे त्याच्याबरोबर भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात गेलो. पुढचे तीन महिने आम्ही खोक्यांचाच विचार करत होतो.

ह्या पुठ्ठ्याचा पूर्वेतिहास मोठा रंजक आहे. इंग्लंडमध्ये १८५६ साली हीली आणि ॲलन ह्या दोघांनी लाटा पाडलेल्या कागदाचे एकस्व घेतले, ते उंच टोप्यांच्या आतल्या अस्तरासाठी. म्हणजे हा कागद प्रथम माणसाच्या डोक्यावर बसला. १८७१ साली न्यूयॉर्कच्या आल्बर्ट जोन्सने तो बाटल्या आणि कंदिलाच्या काचा गुंडाळण्यासाठी वापरला. १८७४ साली ऑलिव्हर लाँगने त्या लाटांना सपाट कागदाचा आधार दिला आणि पुठ्ठ्याला उभे राहण्याचे बळ आले. अन्नाशी त्याची गाठ पक्की झाली ती १९६०च्या दशकात, अमेरिकेत पिझ्झा घरपोच जाऊ लागला तेव्हा. साध्या पातळ पुठ्ठ्याची खोकी एकावर एक रचली की वाफेने मऊ पडून खचत, म्हणून पन्हळी खोके आले. तरीही झाकण मध्येच खाली वाकून पिझ्झ्याला चिकटे. त्यावर न्यूयॉर्क राज्यातल्या कार्मेला व्हिताले ह्या बाईंनी १९८५ साली तीन पायांच्या चिमुकल्या तिवईचे एकस्व मिळवले. ती तिवई आजही पिझ्झ्याच्या मधोमध उभी असलेली आपण पाहतो.

पिझ्झा सपाट आहे, त्याला रस्सा नाही. आपल्या पदार्थांचे तसे नाही. नुकत्याच तळलेल्या वड्याचे कवच कोरडे आणि आतले सारण ओले. ती ओल वाफ होऊन बाहेर पडू पाहते. बंद डब्यात तिला वाट मिळाली नाही, तर ती झाकणाला आतून लागते, तिथे तिचे पाणी होते आणि ते पाणी पुन्हा वड्यावर ठिबकते. वाफ कोंडली तर वडा लिबलिबीत होतो, वाफ सोडून दिली तर गार होतो. खोक्याच्या रचनेचे सारे शास्त्र ह्या पेचात आहे. वर्गात आम्ही आशय आणि अभिव्यक्ती ह्यांच्या अद्वैतावर पुष्कळ बोलत आलो आहोत. इथे ते अद्वैत वीस मिनिटांत सिद्ध किंवा असिद्ध होत होते आणि असिद्ध झाले तर गिऱ्हाईक पुन्हा येत नव्हते.

कारखान्यात कागदाची भली मोठी रिळे होती. तापलेल्या दातेरी रुळांमधून कागद जाई आणि लाटा घेऊन बाहेर पडे. लाटांच्या माथ्यांना स्टार्चची खळ लागे आणि वर सपाट कागद बसे. लाट किती उंच ह्यावरून पुठ्ठ्याची जात ठरते. मोठ्या मालाच्या खोक्यांना उंच लाट लागते. खाद्यपदार्थांना जेमतेम दीड मिलिमीटर जाडीचा 'ई फ्ल्यूट' पुरतो. त्याची घडी नेटकी बसते, छपाई सुबक उठते आणि लाटांच्या पोकळीतली हवा ऊब धरून ठेवते. कारागिराने आम्हांला एक गोष्ट दाखवली, ती तोवर कधी लक्षातच आली नव्हती. एकाच तुकड्यातून दुमडलेल्या खोक्याच्या चार भिंतींपैकी दोन भिंतींत लाटा उभ्या येतात आणि दोन भिंतींत आडव्या. वरच्या खोक्यांचा भार पेलतात त्या उभ्या लाटांच्या भिंती. तेव्हा वाफेसाठी भोके पाडायची तर ती आडव्या लाटांच्या भिंतींत, आणि तीही वरच्या कडेला, कारण वाफ वर चढते. घराच्या कुठल्या भिंतीत खिडकी काढावी हे जाणणाऱ्या गवंड्याचेच हे शहाणपण.

पहिल्या नमुन्याला भोके नव्हती. थालीपीठ ओल्या पोतेऱ्यासारखे झाले. दुसऱ्याला झाकणावर भोके पाडली. वरचे खोके बसताच ती बुजली. तिसऱ्या नमुन्यात भोके बाजूला गेली आणि तळाशी एका अंगाने उघड्या लाटांचा कागद, लाटा वर करून, अंथरला. वडे त्या लाटांच्या माथ्यांवर टेकले आणि खालून हवा खेळू लागली. स्कूटरवरून नेलेला, गतिरोधकांचे धक्के खाल्लेला वडा अर्ध्या तासाने मोडला तेव्हा त्याचे कवच कुरकुरले. विद्यार्थ्याच्या आईने काही न बोलता दुसरा वडा मोडून पाहिला. आमच्या दृष्टीने परीक्षेचा निकाल तेव्हाच लागला होता.

मात्र खोक्याची खरी परीक्षा जेवण संपल्यावर सुरू होते, हे आम्हांला एका बाईंनी शिकवले. आमच्या सोसायटीत रोज सकाळी कचरा घ्यायला येणाऱ्या ताई आहेत. घराघरांतून सुका कचरा वेगळा मिळतो, त्यातला कागद, पुठ्ठा, बाटल्या भंगारात विकून येणारे पैसे हा त्यांच्या कमाईचा एक भाग. आमचा नमुन्याचा खोका आम्ही कौतुकाने त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो उघडला, आतला तेलाचा डाग अंगठ्याने चाचपला आणि परत दिला. "हा कुणी घेत नाही, मॅडम. तेल लागलेल्या पुठ्ठ्याला भाव नाही. वास मारतो, मुंग्या लागतात. आणि एक खराब पुठ्ठा गठ्ठ्यात गेला, तर भंगारवाला अख्खा गठ्ठा बाजूला काढतो."

आपल्या भाषेत ह्या अवस्थेला नेमका शब्द आहे: खरकटे. शुद्धाशुद्धतेच्या कल्पनांनी ह्या शब्दाचा पुष्कळ दुरुपयोग झाला आहे आणि खरकटे उचलण्याचे काम कुणाच्या वाट्याला आले, हा इतिहास आपण विसरू नये. तरी ह्या शब्दात एक व्यावहारिक सत्य उरतेच. खरकटा पुठ्ठा धड ओला कचरा नसतो आणि धड सुकाही नसतो. कचरा घरातच वेगळा करावा, हा दंडक २०१६च्या नियमांनी देशभर घातला. २०१८ साली महाराष्ट्राने प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि एकदाच वापरायच्या वस्तूंवर बंदी आणली, त्याच वर्षीच्या अन्नवेष्टनाच्या नियमांनी वर्तमानपत्रात अन्न बांधण्याला मनाई केली, आणि १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या अनेक प्लॅस्टिक वस्तू देशभर बंद झाल्या. ह्या साऱ्यामुळे कागदी वेष्टनाला बरे दिवस आले. परंतु कागदाला आतून प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा चिकटवून 'कागदी' म्हणून विकलेला डबा पाहिला, की भाषेच्या शिक्षकाला अवघडल्यासारखे होते. तो शब्द अर्धाच खरा असतो.

एकदा जेवून टाकून देण्याचे पात्र आपल्याला नवे आहे, असेही नाही. पळसाची पाने काड्यांनी टाचून केलेल्या पत्रावळी आणि द्रोण लग्नाकार्यांत पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. पंगत उठली की पत्रावळ उकिरड्यावर जाई आणि तिचे खत होई. तिचा शेवट तिच्या जन्मातच ठरलेला होता. आजच्या डब्याच्या रचनेत गिऱ्हाईकाचा विचार होतो, पोचवणाऱ्या मुलाचा थोडाफार होतो. त्याला शेवटी हात लावणाऱ्या माणसाचा होत नाही.

चौथा नमुना आम्ही त्या शेवटापासून मागे येत केला. खोक्याच्या आत, तळ आणि भिंती झाकणारा, सुटा निघणारा तेलरोधक कागद घातला. त्यावर मेणाचा वा प्लॅस्टिकचा लेप नाही. उघड्या लाटांचा तुकडा त्या कागदाच्या वर ठेवला, म्हणजे तेल प्यायलेले जे काही ते एकत्र गुंडाळून ओल्या कचऱ्यात जाईल आणि बाहेरचा खोका कोरडा राहील. अन्नाला टेकणारा हा तुकडा नव्या लगद्याच्या कागदाचा घेतला. कारण जुन्या छापील रद्दीपासून केलेल्या कागदात शाईचे अंश उरतात आणि गरम तेल ते ओढून घेते. एका खोक्यामागे रुपया-दीड रुपया वाढला. तो कुणी सोसायचा, ह्यावर मायलेकांत दोन दिवस वाद झाला. आई म्हणाली, भाव वाढवू नकोस. मुलगा म्हणाला, मग आपल्या हातात काय राहील? अखेर भाव थोडा वाढला, आणि रस्साभाजी ह्या खोक्यात भरायचीच नाही असे ठरले. जवळपासच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना ती स्टीलच्या डब्यात जाते आणि डबा परत येतो. मुंबईच्या डबेवाल्यांनी शतकाहून अधिक काळ चालवलेली ही रीत पुठ्ठ्याने मोडीत काढावी, असे काही नाही. दूरच्या गिऱ्हाइकांना मात्र रस्सा मिळत नाही. त्यातले काही तुटले, हे नोंदवले पाहिजे.

राहता राहिला मजकूर. विद्यार्थ्याला खाद्यसंस्कृतीवर चार रसाळ ओळी हव्या होत्या. आम्ही त्या लिहूनही पाहिल्या. मग खोका हातात घेऊन ताईंचा अंगठा आठवला. झाकणाच्या आतल्या बाजूला, जेवण उघडताच दिसेल असे, आता एवढेच छापलेले आहे: 'आतला कागद ओल्या कचऱ्यात, खोका सुक्या कचऱ्यात.' त्यात अलंकार नाही, वृत्त नाही, आणि क्रियापदही नाही. मराठी शिकवण्यात आमची वीस वर्षे गेली. आमचे दुसरे कुठलेही वाक्य इतक्या माणसांनी वाचले नसेल. सगळे ते पाळत नाहीत. पण आमच्या सोसायटीतल्या ताईंच्या गठ्ठ्यात अधूनमधून तो खोका दिसतो, कोरडा, चपटा करून बांधलेला.