शाळेचा हिशेब कोण विचारणार?

आपल्या वस्त्यांमध्ये मशिदीचा हिशेब कसा पाहिला जातो, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. वर्षातून एकदा तरी जमातीसमोर जमाखर्च वाचला जातो. पंख्यांना किती गेले, रंगाला किती गेले, चटया कुणी दिल्या, हे सगळ्यांना ठाऊक असते. एखादा आकडा जुळला नाही तर शेवटच्या सफमधला मजूरसुद्धा उठून विचारतो आणि मुतवल्लींना उत्तर द्यावे लागते. त्यात कुणाला अपमान वाटत नाही. पैसा अमानत आहे, म्हणून विचारायचेच असते.

त्याच मोहल्ल्यात, मशिदीपासून थोड्या अंतरावर, जिल्हा परिषदेची उर्दू शाळा असते. तिथेही दरवर्षी पैसा येतो. तिथेही समिती असते, रोखवही असते. तो पैसाही आपल्याच करातून आलेला असतो आणि आपल्याच मुलांच्या नावाने येतो. पण त्याचा हिशेब विचारायला सहसा कुणी येत नाही.

आम्ही कोकणात अशाच शाळांमध्ये शिकवत आलो आहोत. सभेची नोटीस काढली की काही पालक येतात, सही करतात आणि म्हणतात, "टीचर, तुम्हीच बघा. आम्हाला यातले काय कळते?" हा विश्वास ऐकायला गोड वाटतो. पण ज्या शाळेला कुणी काही विचारत नाही, ती शाळा हळूहळू कुणाचीच राहत नाही.

मुसलमानांच्या शिक्षणाचा विषय निघाला की बाहेरच्यांच्या तोंडी पहिला शब्द मदरसा हा असतो. आपणही त्याच वादात अडकून पडतो. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने हे स्पष्ट केले होते की शाळेत जाण्याच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात शिकणारी मुले सुमारे चार टक्केच आहेत. म्हणजे आपल्या पुढच्या पिढीचे बरेवाईट साध्या, रोजच्या शाळांत ठरते. गरीब घरांसाठी ती शाळा बहुधा सरकारी असते. तिथे काय चालले आहे, हे पाहणे म्हणूनच चैनीचे काम नाही.

आणि पाहण्याचा अधिकार कायद्यानेच दिला आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम २१ नुसार प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या महिला. अध्यक्ष पालकांमधून निवडला जातो, मुख्याध्यापक सचिव असतात. समितीची कामेही कायद्यातच दिली आहेत: शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणे, शाळेचा विकास आराखडा तयार करणे आणि आलेले अनुदान कसे खर्च होते ते पाहणे. ज्या खाजगी अनुदानित किंवा अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा आहेत, तिथे २०१२ च्या दुरुस्तीनंतर समितीची भूमिका सल्ल्यापुरती राहिली. जिल्हा परिषदेच्या शाळेत मात्र ती खरोखर कारभाराची समिती आहे. म्हणजे "टीचर, तुम्हीच बघा" म्हणणारी आई मुळात आमच्या कामावर लक्ष ठेवण्यासाठी तिथे बसलेली असते.

आता पैशाकडे वळू. शिक्षकांचा पगार वेगळ्या मार्गाने येतो, त्याचा समितीशी संबंध नाही. समितीच्या हातात येते ते समग्र शिक्षा योजनेतले संयुक्त शाळा अनुदान. त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असतो. रक्कम पटावर ठरते. २०१८ मध्ये योजना सुरू झाली तेव्हाच्या दरानुसार शंभरच्या वर पट असेल तर ५० हजार, अडीचशेच्या वर गेला तर ७५ हजार आणि हजाराच्या वर एक लाख. शंभरच्या आतल्या लहान शाळेला २५ हजार किंवा त्याहूनही कमी. आपल्या बहुतेक खेड्यांतल्या उर्दू शाळा या शेवटच्या रांगेतल्या.

एवढ्या रकमेत वर्ष काढायचे असते. वीजबिल, खडू, हजेरीपत्रके, नळाची दुरुस्ती, फुटलेली कौले, प्रयोगाचे साहित्य, सारे त्यातूनच. किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करावे लागतात. घर चालवणाऱ्या कोणत्याही बाईला हे गणित आमच्यापेक्षा लवकर समजते. तिला फक्त रोखवही समोर ठेवून दाखवावी लागते.

पालकांच्या हातात पैसा असण्याने काय फरक पडतो, हे गणवेशाच्या प्रकरणात साऱ्या राज्याने पाहिले. एका मुलामागे वर्षाला ६०० रुपये, दोन जोड्यांसाठी. पूर्वी समिती गावातल्या किंवा जवळच्या शिंप्याकडून माप घेऊन कपडे शिवून घ्यायची. मग "एक राज्य, एक गणवेश" आले. २०२४-२५ मध्ये कापड वरून एकत्र आणि शिवण बचत गटांकडे, असे ठरले. गणवेश उशिरा आले, मापे चुकली, तक्रारींचा पाऊस पडला. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने निर्णय घेऊन हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे दिले. मुलाच्या खांद्याचे माप गावातच कळते, हा त्यातला साधा धडा. पण अधिकार परत मिळाला तरी वापरणारा कुणी हवा. समिती कागदावरच असेल तर कापड कुठून घेतले नि किती मीटर घेतले, हे विचारणार कोण?

पैशाइतकीच महत्त्वाची गोष्ट पटाची. ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळायचे ते ठरते. कायद्यानुसार पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. पट साठ असेल तर दोन शिक्षक आणि पाच इयत्ता. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसरीत तिसरी, चौथी, पाचवी. त्यात उर्दू माध्यमाची आणखी एक अडचण आहे. राखीव प्रवर्गांतून उर्दू माध्यमाचे उमेदवार मिळत नाहीत आणि त्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात. मंजूर दोन आणि हजर एक, अशी शाळा आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल.

मग पालक मुलाला पिवळ्या बसमध्ये बसवून इंग्रजी माध्यमाला पाठवतात. त्यांना दोष देता येत नाही. पण एक मूल गेले की अनुदान घटण्याची आणि शिक्षक कमी होण्याची वेळ जवळ येते. शिक्षक कमी झाला की आणखी दोन मुले जातात. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार शासनाने मांडला, तेव्हा आमच्या भागातल्या कितीतरी उर्दू शाळांच्या पोटात गोळा आला. मराठी शाळा बंद झाली तर पुढच्या गावात दुसरी असते. उर्दू शाळा बंद झाली तर पुढची कुठे? ज्यांच्याकडे बसचे पैसे आहेत त्यांची मुले जातील. ज्यांच्याकडे नाहीत, त्यांची मुलगी घरी बसेल.

शाळा टिकवायची तर भावनिक आवाहने पुरत नाहीत. मुले शिकत आहेत, हे दिसले पाहिजे. आमच्या समितीच्या एका सभेत हा विषय ज्या प्रश्नातून निघाला, तो इथे सांगण्यासारखा आहे. आमच्या गावात बरेच पुरुष आखाती देशांत किंवा जहाजावर असतात, त्यामुळे समितीत बहुतेक आयाच. त्यांतल्या घरी शिवणकाम करणाऱ्या एकीने विचारले, "टीचर, माझा मुलगा चौथीत आहे. कुरआन शरीफ फडाफड वाचतो. मग उर्दूच्या पुस्तकाशी का अडतो?"

प्रश्न नेमका होता. मकतबमध्ये मूल ज्या मजकुरावर शिकते त्यात जेर, जबर, पेश सगळे दिलेले असते, अक्षरे नस्ख वळणाची असतात आणि भर उच्चारावर असतो. उर्दूचे पुस्तक नस्तालीक वळणाचे, खुणा बहुधा गाळलेल्या, आणि शब्द आधीच ओळखीचा असेल तरच नीट वाचता येणारा. आमच्या घरांत तर बोलली जाते ती कोकणी. म्हणजे शब्दही नवा आणि खुणाही नाहीत. मूल अरबी वाचते म्हणून त्याला वाचता येते असे घरचे समजतात, आणि वर्गात पाच इयत्ता असल्याने ते अडखळणे झाकून जाते.

त्या वर्षी अनुदानातून प्रवेशद्वार रंगवायचे आणि भिंतींवर सुविचार लिहायचे, असे बहुतेकांच्या मनात होते. या प्रश्नानंतर चर्चेची दिशा बदलली. मोडके नळ आणि वीजबिल सोडून जे उरेल त्यातून मोठ्या अक्षरांची, छोट्या गोष्टींची उर्दू आणि मराठी पुस्तके घ्यायची, असा ठराव झाला. शनिवारी दोन-दोन आया शाळेत येऊन मुलांचे वाचन ऐकू लागल्या. त्यांतल्या काहींना स्वतःलाच उर्दू कशीबशी येत होती. पण मूल अडखळते की नाही, हे ऐकायला फार शिक्षण लागत नाही. वर्ष संपेपर्यंत बरीच मुले न पाहिलेले पान वाचू लागली. काही अजूनही अडतात, त्यांच्यासाठी वेगळा वेळ काढावा लागतो. प्रवेशद्वार मात्र तसेच गंजके आहे आणि त्याबद्दल अजून कुणी तक्रार केलेली नाही.

मोजमापही काही गुप्त नाही. २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत आणि ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्यात, लिहाव्यात, असे उद्दिष्ट आहे. घड्याळ लावून हे कोणतीही आई, बहीण किंवा दादी घरी पाहू शकते. पान मात्र पाठ झालेल्या धड्याचे नको.

बद्रच्या लढाईनंतरचा प्रसंग सीरतमध्ये आपण ऐकलेला आहे. ज्या कैद्यांकडे फिद्याचे पैसे नव्हते पण लिहिता-वाचता येत होते, त्यांनी मदिनेच्या दहा-दहा मुलांना शिकवावे आणि सुटावे, असे ठरले. या प्रसंगातून इल्मचे महत्त्व सांगितले जाते, ते योग्यच आहे. आम्हाला त्यात हिशेबही दिसतो. फिद्याची रक्कम हा समाजाचा पैसा होता. तो सोडून दिला, तो मुलांच्या शिकण्याच्या बदल्यात. किती दिवस शिकवले याला नव्हे, तर मुले शिकली का याला मोल होते. आमच्या शाळांचे हिशेबही असेच तपासले पाहिजेत. पावत्या जुळल्या म्हणजे काम झाले असे नाही. त्या पावत्यांमुळे कोणते मूल काय शिकले, हेही विचारले पाहिजे.

काही पालकांना वाटते, प्रश्न विचारले तर शिक्षक मुलावर राग काढतील. काहींची रोजी बुडते. पहिल्या भीतीवर उपाय एकच: एकट्याने नव्हे, सभेत विचारावे आणि इतिवृत्तात नोंद घ्यायला लावावी. दुसरी अडचण खरी आहे, म्हणून सभेची वेळ पालकांच्या सोयीने ठरवण्याचा आग्रह धरावा. आमच्या अनुभवात जुहरनंतरची वेळ आयांना बरी पडते. आणि शिक्षकांनीही मनाला लावून घेऊ नये. ज्या शाळेच्या सभेला पंधरा पालक बसतात, तिच्या रिकाम्या जागेचा अर्ज वर गेला की त्याला वजन येते. एकट्या मुख्याध्यापकाचे पत्र फायलीत पडून राहते.

तेव्हा पुढच्या सभेला जाल तेव्हा चार गोष्टी विचारा. या वर्षी अनुदान किती आले आणि कशावर गेले? विकास आराखड्यात पुढच्या वर्षासाठी काय धरले आहे? मंजूर शिक्षक किती, हजर किती, आणि रिकाम्या जागेसाठी कधी लिहिले? आणि माझे मूल न पाहिलेले पान वाचू शकते का? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे वहीत मिळतील. चौथ्यासाठी मुलाला जवळ बसवून पुस्तक उघडावे लागेल.