मोजदादीबाहेरच्या फटी

क्रोमोसोमच्या दोन जुळ्या भागांपैकी एकावरची, म्हणजे क्रोमॅटिडवरची, रंग न चढलेली जागा क्रोमॅटिडच्या स्वतःच्या रुंदीपेक्षा अरुंद असेल आणि पुढचा तुकडा जागेवरून हललेला नसेल, तर ती गॅप. त्याहून रुंद असेल किंवा तुकडा वाकडा झाला असेल, तर ब्रेक. रिपोर्टात ब्रेक धरायचे. गॅप वेगळी लिहायची, पण बेरजेत घ्यायची नाही. हा नियम जगभर चालतो, परळलाही चालतो. आणि माझं कामाचं आयुष्य बेरजेत न येणाऱ्या या गॅपपायी गेलं. आता हे बोलायला हरकत नाही, कारण रिपोर्टावर सही करायचं काम मी सोडलं आहे.

सोडलं ते डोळ्यांमुळे. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून नवं भिंग बसवलं, डाव्याचं अजून राहिलंय. मधल्या काळात एक खेळच हाती लागला: तीच पेशी एकदा उजव्या डोळ्यानं बघायची, एकदा डाव्या. नव्या डोळ्याला गिम्साचा रंग स्वच्छ निळा-जांभळा दिसतो, जुन्याला तोच मातकट. निळ्यात कडा ठळक येतात, आणि कडा ठळक आल्या की फट रुंदावल्यासारखी वाटते. स्लाइडवर काहीच हललेलं नसतं. पण उजव्या डोळ्यानं ब्रेक म्हणावं आणि डाव्यानं गॅप, अशा जागा सापडायला लागल्या. मग सही कुठल्या डोळ्याची?

गंमत म्हणजे भिंगाच्या गाभ्यातल्या पेशींना केंद्रकच नसतं. आईच्या पोटात असताना बनलेली प्रथिनं तिथं शेवटपर्यंत तशीच राहतात, बदलली जात नाहीत. तीच पुढे पिवळी पडतात, गोळा होतात. पेशी म्हातारी का होते याचं उत्तर मी इतकी वर्षं डीएनएत शोधलं, आणि माझं स्वतःचं म्हातारपण निघालं ते डीएनए नसलेल्या पेशींत.

मुंबईत परळच्या आमच्या प्रयोगशाळेत रक्त येतं ते बहुतेक फॅन्कोनी अ‍ॅनिमियाच्या संशयावरून. आसपास केईएम, वाडिया, टाटा ही रुग्णालयं. केईएमच्याच आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत या आजारावर बरंच काम झालं आहे. त्यामुळे परळमध्ये हे नाव ऐकून कुणी दचकत नाही. बाकी महाराष्ट्रात मात्र ते कळायला घरच्यांचे दोन-तीन जिल्हे पालथे घालून होतात. आठ-नऊ वर्षांचं पोर, उंचीनं सहाचं वाटणारं. अंगठा बारीक, कधी नाहीच. कातडीवर कॉफीच्या रंगाचे डाग. प्लेटलेट घसरलेल्या, अंगावर काळेनिळे वळ. या आजाराला कारण ठरणारी वीसहून अधिक जनुकं आता माहीत आहेत आणि बहुतेक प्रकारांत दोष आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो. मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत आपल्याकडे कित्येक घरांत आहे. वंशावळ काढताना अशा जोडप्यात मी दोन रेघा ओढते. आई विचारते, ‘‘मॅडम, आमच्यातच दोन रेघा का?’’ ‘‘नात्यातलं लग्न असलं की तशा काढतात,’’ एवढं सांगून मी लगेच पुढचा प्रश्न विचारते. त्या दोन रेघांवर बाईनं स्वतःला गुन्हेगार ठरवायला वेळ मिळू नये म्हणून.

डीएनएचे दोन धागे एकमेकांना चिकटले तर ते सोडवायची यंत्रणा या मुलांत चालत नाही. असं चिकटवायला बाहेरचं विष लागतंच असं नाही. आपल्या रोजच्या चयापचयातून तयार होणारी फॉर्माल्डिहाइडसारखी द्रव्यंही ते काम करतात. अस्थिमज्जेतल्या मूळ पेशी हा मारा सोसत राहतात, मग पी53 हे प्रथिन त्यांना थांबवतं, आणि पोर शाळेत जायच्या वयात मज्जा रिकामी होते. म्हातारपणी हळूहळू होणारं काम इथं दहा वर्षांत उरकलेलं असतं. म्हणून मला हा आजार आणि वार्धक्याचा अभ्यास वेगळे कधी वाटलेच नाहीत. कुणी ‘तुम्ही एजिंगवर काम करता की कॅन्सरवर?’ असं विचारलं की मी ‘फॅन्कोनीवर’ म्हणते. त्यात दोन्ही आलं. 2002 साली तर फॅन्कोनीचं एक जनुक आणि स्तनाच्या कॅन्सरचं बीआरसीए2 ही एकच वस्तू निघाली.

टेस्ट म्हणजे पेशींना धागे चिकटवणारं मायटोमायसिन देऊन त्या किती तुटतात ते मोजणं. फॅन्कोनीच्या पेशीत तुटलेले क्रोमोसोम भलत्याच क्रोमोसोमला जाऊन चिकटतात, तीन-चार हातांच्या आकृत्या दिसतात. त्या शिकाऊ पोरालाही दिसतात. या निकालावर काय अवलंबून असतं ते मात्र शिकाऊ पोरालाही पहिल्याच दिवशी सांगावं. मज्जारोपणाआधी देतात ती केमो नेहमीच्या मात्रेत दिली तर ही मुलं त्या औषधानंच जातात. मात्रा खूप खाली आणावी लागते. आणि मज्जा देणारं भावंड धडधाकट दिसलं तरी त्याचं रक्त आधी आमच्याकडे आलं पाहिजे. 1988 मध्ये पॅरिसला नाळेतल्या रक्ताचं जगातलं पहिलं रोपण झालं ते फॅन्कोनीच्याच एका मुलावर, त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतून, आणि तिला हा आजार नाही हे ती जन्मायच्या आधीच तपासलेलं होतं.

म्हणजे निदान गॅपवाचून होतं. हे मला पहिल्यापासून माहीत आहे. तरी माझी नजर बसली ती गॅपवरच.

कारण तिची मोजपट्टी. ‘क्रोमॅटिडच्या रुंदीपेक्षा कमी’ म्हणायचं, पण ती रुंदी स्थिर कुठे असते? पेशीचं विभाजन मध्येच थांबवणारं कोल्चिसिन जास्त वेळ राहिलं की क्रोमोसोम आखडतो, आखूड आणि जाड होतो; मग मघाशी ब्रेक ठरली असती ती फट आता गॅप ठरते. रंग गडद झाला की फट बुजते. फोकस केसभर खाली घेतला की मधून एक धागा गेल्यासारखा वाटतो, वर घेतला की नाहीसा. त्यात परळचा जुलै. हिंदमाताला गुडघाभर पाणी, खोलीत हवा इतकी ओली की फिक्सेटिव वाळायचं नाव घेत नाही, आणि पेशी पसरता पसरता शेजारणीच्या अंगावर जाते. एसी लावावा तर स्लाइड झटकन वाळते आणि क्रोमोसोम एकमेकांना बिलगून बसतात. लोक पाऊस बघून भजी तळतात, मी हायग्रोमीटर बघते. अमक्या टक्के दमटपणाला थेंब किती उंचीवरून टाकायचा याबद्दल माझी ठाम मतं आहेत, आणि ती मी कुणी न विचारताही सांगते.

ज्यांना हे सगळं अंधश्रद्धा वाटतं ते दोन प्रकारचे. पहिले सिक्वेन्सिंगवाले. जनुकांचं पॅनल लावलं की झालं म्हणतात. मग जनुकात एक बदल सापडतो, तो घातक आहे की निरुपद्रवी ते त्यांना ठरवता येत नाही, आणि रक्ताची ट्यूब निमूटपणे आमच्या दाराशी येते. मी ती हसून घेते. दुसरे ठिपके मोजणारे. डीएनए तुटला की गॅमा-एच2एएक्सचा ठिपका उजळतो, कॅमेरा फोटो काढतो, सॉफ्टवेअर आकडा देतं. आकडा सुबक असतो. पण उंबरठा कुठे लावायचा हे माणसानंच ठरवलेलं असतं. फरक इतकाच, की त्यानं ते एकदा ठरवलं आणि मग विसरला. मी दर पेशीला नव्यानं ठरवते. यातलं काय बरं, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. मला एकाच बाजूनं बोलायची सवय आहे. तिसरी जात टेलोमिअरची लांबी मोजून तुमचं ‘खरं वय’ सांगणाऱ्या दुकानांची. त्यांच्याविषयी बोलून जागा घालवत नाही.

पेशींच्या नव्हे, जागेच्या ऱ्हासाचं म्हणाल तर परळला तो शब्द जपून वापरावा लागतो. इथं गिरण्या गेल्या आणि टॉवर आले. प्रयोगशाळा त्या मानानं सुखात आहेत. कमल रणदिवे यांनी साठच्या दशकात देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभी केली ती इथल्याच कॅन्सर संशोधन केंद्रात. त्याआधी त्या बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्याकडे राहून आल्या होत्या. हे तेच गे, ज्यांनी हेला पेशी पहिल्यांदा वाढवल्या. ती संस्था 2002 मध्ये खारघरला गेली. जागा मोठी मिळाली, चांगलंच झालं. पण स्लाइड हातात घेऊन रस्ता ओलांडायचा आणि समोरच्या मोठ्या माणसाला विचारायचं, ‘बघा बरं, हा ब्रेक का?’ हे आता होत नाही. ‘व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवा’ म्हणतात. फोटोला फोकसची चकती नसते.

मी ज्या मुलीला तयार केलं ती माझ्यापेक्षा जास्त गॅप मोजते. कायम. स्लाइडवर सांकेतिक क्रमांक असतात, कुणाचं रक्त हे दोघींनाही ठाऊक नसतं, आणि तरी तिचा आकडा माझ्या वर. दोन डोकी असलेल्या मायक्रोस्कोपवर आम्ही समोरासमोर बसलो. तिसऱ्या क्रोमोसोमच्या आखूड हातावर, मध्याच्या जरा खाली, एकाच क्रोमॅटिडवर फिकट जागा.

‘‘मॅडम, गॅप.’’

‘‘रंग कमी बसलाय.’’

‘‘दुसऱ्या क्रोमॅटिडवर का नाही बसला कमी?’’

याला उत्तर नव्हतं. ‘‘पुढची पेशी घे,’’ म्हटलं.

तिसऱ्या क्रोमोसोमवरची ती जागा प्रसिद्ध आहे. माणसाच्या क्रोमोसोमवर ठरावीक ठिकाणं अशी आहेत की डीएनएची नक्कल करायचं काम जरा अडखळलं की तिथं फट दिसते, धडधाकट माणसातसुद्धा. पूर्वी गॅप म्हणजे रंगाचा दोष असं म्हणून हात झटकणारे मोठमोठे लोक होते. 2015 मध्ये कोपनहेगनच्या गटानं ‘नेचर’मध्ये दाखवलं की अशा ठिकाणी नक्कल आधी पूर्ण झालेलीच नसते, पेशी विभाजनाला लागल्यावर, अगदी शेवटच्या घटकेला, ते उरलेलं काम उरकत असते, आणि ती फट या उशिरा चाललेल्या कामाची खूण असते.

तो लेख मी स्वतः लिहिल्यासारखा वाटत फिरले. मी काहीही सिद्ध केलेलं नव्हतं. नुसतं मोजलं होतं, तेही बेरजेबाहेर. पण दुसऱ्या मजल्यापासून कँटीनपर्यंत ज्यानं ज्यानं कधी ‘गॅपचा एवढा बाऊ कशाला?’ म्हटलं होतं त्या प्रत्येकाला मी तो वाचायला दिला. एकानं तर आधीच वाचला होता, तरी पुन्हा दिला. पाठीमागे मला ‘गॅपमॅडम’ म्हणतात हे मला ठाऊक आहे आणि ते मला आवडतं. त्याहून आवडतं ते दुसऱ्या प्रयोगशाळेतून वादातली स्लाइड येणं. खुर्ची ओढायची, तेलाचा थेंब टाकायचा, बघून झालं तरी मुद्दाम थोडा वेळ काही बोलायचं नाही, आणि मग कुणाच्या तरी ब्रेकची गॅप करून टाकायची. या सुखाला माझ्याकडे शास्त्रीय समर्थन नाही.

फॅन्कोनीच्या काही मुलांत रक्तातल्या काही पेशींचं जनुक कधीकधी आपोआप दुरुस्त होतं, आणि त्या चांगल्या पेशी वाढून स्लाइडवर गर्दी करतात. मग निम्म्या पेशी तुटलेल्या, निम्म्या शाबूत. अशा वेळी कातडीचा तुकडा घेऊन फायब्रोब्लास्ट वाढवावे लागतात. 1961 मध्ये हेफ्लिक आणि मूरहेड यांनी दाखवलं की माणसाच्या साध्या पेशीसुद्धा पन्नासेक विभाजनांनंतर थांबतात. फॅन्कोनीच्या पेशी त्याच्या कितीतरी आधी दमतात. अशा केसमध्ये एकेक पेशी वादाची होते आणि नजरेला खरं काम लागतं. परवाची तशी केस मी तयार केलेल्या त्या मुलीनं एकटीनं काढली. मला दाखवली ती सही झाल्यावर. निकाल मी दिला असता तोच होता, हे मला तपासून बघावंसं वाटलं आणि मी तपासून बघितलं.

सही तिची झाली, तरी एक वही मी अजून दिलेली नाही. तिच्यात प्रत्येक गॅपची जागा क्रोमोसोमच्या चित्रावर पेन्सिलीनं टिंब देऊन मांडली आहे; रिपोर्टात कधी न गेलेली सगळी टिंबं. काही हातांवर ती दाटून एकमेकांत मिसळली आहेत. तिच्या संगणकात हे सगळं अधिक नीट साठवलेलं आहे, त्यामुळे तिला वहीची गरज नाही. मागितली असती तर मी नाहीच म्हटलं असतं. पण तिनं मागावी, असं मला फार वाटतं.