स्तुती!

बालमित्रांनो, परक्या देशात आपली भाषा कुणालाच येत नसेल तर? माझीच गंमत सांगते.

2023 च्या मे महिन्यात आम्ही तिघं श्रीलंकेत कोलंबोहून कँडीला रेल्वेनं चाललो होतो. अंतर सुमारे 120 किलोमीटर, पण रंबुक्कनानंतर घाट लागतो, म्हणून तीनेक तास लागतात. आपल्या बोरघाटात 1863 साली रेल्वे सुरू झाली, कँडीला 1867 साली! स्टेशनांच्या पाट्या सिंहली, तमिळ आणि इंग्रजीत. "वडे, वडे!" अशी हाळी आली नि आमची सई टुणकन उठली. बघते तर वड्यावर चक्क कोळंबी!

रंबुक्कनाला सईचे बाबा पाणी आणायला उतरले आणि गाडी सुटली. बाबा कुठंच दिसेनात. सई रडू लागली. एरवी अख्खा वर्ग सांभाळणारी मी, पण माझेच हातपाय गळाले. तेवढ्यात समोरच्या आजींनी सईला जवळ ओढलं. एक शब्द न बोलता तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. बोगदे आले, दरी आली, आम्ही पाहिलीच नाही. दहा मिनिटांनी बाबा मागच्या डब्यांतून धडपडत आले, हातात बाटली!

आजींचे आभार कसे मानायचे? शेजारचा मुलगा इंग्रजीत म्हणाला, "स्तुती म्हणा."

"आई, हा तर आपलाच शब्द!" सई ओरडली. खरंच की! सिंहली आपल्या मराठीच्याच कुळातली ना! सई आजींना म्हणाली, "स्तुती!" आजींनी तिचा गालगुच्चा घेतला.

मुलांनो, तुमच्या गाडीत भाषा न येणारं, घाबरलेलं कुणी भेटलं, तर तुम्ही काय कराल?