ज्वारीचं मूळ कुणाला बोलावतं?

कृषी महाविद्यालयातल्या एका प्रकल्पावर मी सहायक म्हणून लागले, तेव्हा बुरशी म्हणजे रोग एवढंच मला ठाऊक होतं. शिक्षण कॉमर्सचं. घरी ज्वारी, तूर, थोडा कांदा. बुरशीचं नाव निघालं की काणी, भुरी, तांबेरा आणि आप्पांचं फवारणीचं बिल आठवायचं. आणि इथे मॅडम म्हणाल्या, "या ज्वारीच्या मुळांत बुरशी शोधायची आहे." रोपं तर चांगली हिरवीगार होती. मी विचारलं, "ही रोगट आहेत का?" "अगं नाही, निरोगी आहेत. म्हणून तर असणार."

मुळं धुऊन, नखाएवढे तुकडे करून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात गरम करायची. मुळांतला रंग निघून जातो आणि ती काचेसारखी पारदर्शक होतात. मग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये पेनाची शाई मिसळून त्यात काही मिनिटं उकळायची. शाई मुळाच्या पेशींवर फारशी टिकत नाही, बुरशीला मात्र धरून राहते. प्रयोगशाळेत शाई आणि व्हिनेगर वापरतात, हेच मला नवल वाटलं होतं. पण खरं नवल स्लाइडवर होतं. पेशींच्या रांगांमधून निळे तंतू गेलेले, आणि एकेका पेशीत शिरून त्यांना फांद्याच फांद्या फुटलेल्या. पेशीच्या आत जणू बाभळीचं इवलंसं झाड उभं. त्याला अर्बस्क्यूल म्हणतात. इथेच देवाणघेवाण चालते: बुरशी मातीतून स्फुरद आणून देते, रोप तिला साखर आणि स्निग्ध पदार्थ देतं.

शेजारच्या कुंडीत, त्याच मातीत, मोहरी होती. तिची मुळं त्याच रीतीने रंगवली. आत काहीही नाही. नितळ, रिकाम्या पेशी.

माती एक, बुरशी तीच, पाणी घालणारी मी. मग फरक आला कुठून? उत्तर जनुकांत होतं आणि ते उमगेपर्यंत मी पार गोंधळून गेले होते. पेशीत बुरशी आहे म्हणजे ती घुसली असणार, असंच मी धरून चालले होते. मॅडम म्हणाल्या, "ती घुसत नाही. रोप तिला आत घेतं."

हे शब्दशः खरं आहे. रोपाला स्फुरद कमी पडला की त्याची मुळं स्ट्रायगोलॅक्टोन नावाची द्रव्यं मातीत सोडतात. ती लागताच बुरशीच्या तंतूंना भराभर फांद्या फुटतात. जपानी संशोधकांनी हे 2005 साली दाखवलं. मग बुरशी स्वतःचे रासायनिक संकेत पाठवते. ते पोचले की मुळाच्या पेशीच्या केंद्रकात कॅल्शियमचं प्रमाण ठरावीक लयीत वरखाली होऊ लागतं. ही लय ओळखणारं प्रथिन रोपाच्या एका जनुकातून बनतं, आणि ते पुढची जनुकं चालू करतं. त्यानंतरची गोष्ट मी पुन्हा पुन्हा वाचली: बुरशी आत येण्याआधीच पेशी तिच्यासाठी स्वतःच्या पोटातून आरपार वाट तयार करते. त्याच वाटेने बुरशी जाते.

आत आल्यावरही रोपाचा ताबा सुटत नाही. अर्बस्क्यूलकडून स्फुरद उचलून घेणारं एक वाहक प्रथिन असतं. एका शिंबावर्गीय वनस्पतीत त्याचं जनुक निकामी केलं, तर अर्बस्क्यूल वेळेआधीच मरून गेले. स्फुरद मिळत नसेल तर रोप पाहुणचार आवरतं घेतं. आणि बुरशी रोपावर किती अवलंबून आहे, ते 2017 साली स्पष्ट झालं: तिला स्वतःची मेदाम्लं सुरुवातीपासून बनवता येत नाहीत, ती रोपाकडूनच येतात.

मोहरीच्या कुळात या मैत्रीसाठी लागणारी कित्येक जनुकं उत्क्रांतीच्या ओघात गळून गेली आहेत. कोबी, फ्लॉवर, मुळा ही सगळी त्याच कुळातली. पालक आणि बीट वेगळ्या कुळातले, पण तेही या बुरशीला जवळ करत नाहीत. उलट स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी इथल्या सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींच्या जीवाश्मांत असे अर्बस्क्यूल सापडले आहेत. तेव्हा वनस्पतींना धड मुळंही फुटली नव्हती. तुरीच्या मुळांवरच्या गाठींत जिवाणूंना वस्तीला घेताना रोप या बुरशीसाठी लागणारीच बरीच जनुकं वापरतं. माझ्या मते ही शाळेतच शिकवायला हवी अशी गोष्ट आहे.

मला सगळ्यात जवळची वाटली ती टारफुल्याची गोष्ट. ज्वारीच्या मुळांवर जगणारं हे तण आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. त्याचं बी मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि ज्वारीचं मूळ जवळ आलं की बरोबर उगवतं. कसं कळतं त्याला? त्याच स्ट्रायगोलॅक्टोनमुळे. ज्वारी बोलावते बुरशीला, ऐकतो टारफुलाही. स्ट्रायगोलॅक्टोन कुळातलं पहिलं द्रव्य 1966 साली सापडलं ते या तणाचं बी उगवणारं द्रव्य म्हणूनच; बुरशीशी त्याचं नातं कळायला पुढची जवळजवळ चाळीस वर्षं गेली. ज्वारीच्या काही वाणांत एलजीएस-1 नावाचं जनुक नसतं. 2017 साली दाखवलं गेलं की ते नसेल तर मुळातून निराळ्या घडणीचं स्ट्रायगोलॅक्टोन पाझरतं आणि या तणाचं बी फारच कमी उगवतं. एका जनुकाचा फरक, पण शेतकऱ्याच्या दृष्टीने केवढा!

फोनवर आप्पांना हे सांगत होते. त्यांनी विचारलं, "मग मायकोरायझाची पिशवी घातली की झालं?" मायकोरायझा म्हणून पिशवीत विकतात ती हीच बुरशी. याचंही उत्तर जनुकांतच आहे. भातात 2021 साली दिसलं की रोपाला स्फुरदाची चणचण जाणवते तेव्हा जे प्रथिन जनुकं चालू करतं, तेच बुरशीला आत घेणारी जनुकंही चालू करतं. स्फुरद मुबलक असला की दुसरी प्रथिनं त्याला अडवून धरतात. डीएपी खताने मातीत स्फुरदाची रेलचेल झाली की रोप बुरशीला बोलावणंच कमी करतं. पिशवीतली बुरशी कितीही चांगली असो, यजमान बोलावत नसेल तर ती काय करणार?

म्हणून माझं सांगणं एवढंच. कोबी, फ्लॉवर, मोहरी, मुळा, पालक, बीट यांच्यासाठी मायकोरायझावर पैसे घालवू नका. ज्वारी, मका, कांदा, तूर यांना द्यायचा असेल, तर आधी माती परीक्षण करून घ्या आणि अहवालातला स्फुरदाचा आकडा बघा. तो जास्त असेल तर पिशवी घेण्याआधी डीएपी कमी करा.