करंजीतलं सारण

चकली आवडीने खाणारं स्वमग्न (ऑटिस्टिक) मूल करंजीला हातही लावत नाही, हे दिवाळीत अनेक घरांत दिसतं. 'गोड नको असेल त्याला,' असं आई म्हणते. कारण बहुधा चवीचं नसतं. चकली पहिल्या तुकड्यापासून शेवटच्या तुकड्यापर्यंत सारखीच कुरकुरीत. करंजी मात्र बाहेरून खुसखुशीत, आत भुसभुशीत आणि मध्येच एखादी चारोळी. ज्याला स्पर्श, वास, आवाज आपल्यापेक्षा कितीतरी तीव्र जाणवतात, त्याला ते सारण भातात खडा लागावा तसं वाटतं. चिवड्यातले फक्त पोहे वेचून खाणारं मूलही नखरे करत नसतं.

मी जबलपुरात ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून अशा मुलांबरोबर काम करते. ग्वारीघाटाच्या बाजूने येणाऱ्या कुटुंबांचा एक प्रश्न वेगळाच असतो. तिथे खाणं म्हणजे प्रसादही. संध्याकाळी नर्मदेची आरती, घंटा, शंख, लाउडस्पीकर, गर्दी. आणि त्या गदारोळात कुणाचा तरी हात थेट तोंडाशी येतो. मूल मान फिरवतं. 'मैयाच्या प्रसादाला नाही म्हणू नये,' असं कुणी म्हणालं की आई ओशाळते आणि घास कोंबते. हे थांबलंच पाहिजे. जबरदस्तीच्या घासातून मूल फक्त जेवणाची भीती शिकतं. प्रसाद आईने कपाळाला लावून स्वतः खावा. त्याने मैयाचा अपमान होत नाही.

लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचं वर्णन करून ऑटिझम जगासमोर मांडला, तेव्हाच खाण्याच्या अडचणींची नोंद केली होती. संवेदनांची वेगळी तीव्रता अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदान-निकषांत स्पष्टपणे आली ती २०१३ मध्ये. आपल्याकडे मात्र आजही 'लाडावलाय' हेच निदान घरोघरी होतं.

वागणं सुधारायला बसण्याआधी शरीर तपासा. बद्धकोष्ठता, किडलेला दात, छातीतली जळजळ हे बोलता न येणारं मूल ताट ढकलूनच सांगतं. घाटावरची वाळू, खडू, भिंतीचे पोपडे खात असेल तर रक्तातलं लोह तपासून घ्या. दिवसभर दूध-बिस्किटांवर राहणाऱ्या मुलाला भूकच लागत नाही, शिवाय जास्त दुधाने लोह कमी पडू शकतं. गिळताना ठसका लागत असेल, वजन घटत असेल, खाण्यातले पदार्थ एकेक करून गळत असतील, तर डॉक्टरांकडे जायला थांबू नका. मोजकेच पदार्थ खाणाऱ्या स्वमग्न मुलांना 'क' जीवनसत्त्वाअभावी स्कर्व्ही झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

मग बसणं. स्नायू सैल असलेल्या मुलाची सगळी ताकद मांडी घालून तोल सांभाळण्यातच जाते. पाठीला आधार आणि पावलं टेकायला पाट दिला, तर हात आणि तोंड मोकळं होतं. जेवण ठरल्या वेळी, अर्ध्या तासाच्या आत. मोबाईल दाखवून भरवलेलं मूल काय गिळतंय आणि पोट कधी भरलं, हे त्याचं त्यालाच कळत नाही.

कालवलेला वरणभात आपल्याला मायेचा वाटतो. या मुलांना भात आणि वरण वेगवेगळ्या कप्प्यात हवं असतं. द्या तसं. ओळखीचा पदार्थ ताटात कायम असू द्या आणि त्यात एका वेळी एकच बदल करा: साधी पोळी, मग तीच तूप लावून, मग पिठात चिमूटभर बेसन. नवा पदार्थ आधी नुसता शेजारी ठेवा. त्याने बोट लावलं, वास घेतला, तरी ती प्रगती आहे. या कामाला महिने लागतात, आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच पद्धतीने वागावं लागतं; हेच सर्वांत कठीण.

पोळीत भाजी किंवा दुधात औषध लपवू नका, असं मी प्रत्येक आईला सांगते. एकदा ओळखलं की मूल तो पदार्थही सोडतं, आणि ज्याच्या यादीत पाचच पदार्थ आहेत त्याचा एक जाणं फार महाग पडतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत; खासगी उपचार परवडत नसतील तर तिथे जरूर चौकशी करा. आणि तुमच्या घरी असं मूल फराळाला येणार असेल, तर ते काय खातं हे त्याच्या आईला आधी फोन करून विचारा. तेवढंच वाढा, आणि 'एक तरी खा' असा आग्रह करू नका.