नकाशा तोच, आभाळ नवं

प्रिय मामा,


परवा फोनवर तू विचारलंस, "अगं, तोच खेळ नवा म्हणून पुन्हा विकतात आणि तू पुन्हा घेतेस?" मागून आईच्या हाका चालल्या होत्या, म्हणून "लिहून कळवते" असं म्हणून मी फोन ठेवला. आता बसलेय लिहायला. लांबेल, पण तू पूर्ण वाचशील हे मला माहीत आहे.

'झेल्डा' या व्हिडिओ गेमच्या मालिकेतला 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' ३ मार्च २०१७ला आला. निन्टेन्डोचा स्विच हा कन्सोल त्याच दिवशी बाजारात आला होता. खेळातल्या राज्याचं नाव हायरूल. लांब डोंगर दिसला की तिकडे चालू लागायचं, कडा चढायचा. दम संपला की हात सुटतो, पाऊस आला की पाय घसरतात. इकडूनच जा, आधी हे कर, असं कोणी मागे लागत नाही. सहा वर्षांनी, १२ मे २०२३ला, पुढचा भाग आला, 'टिअर्स ऑफ द किंगडम'. त्यात वर तरंगती बेटं आणि खाली काळोखं पाताळ नवीन होतं, पण मधली जमीन तीच. तेच डोंगर, त्याच नद्या, तीच गावं. तुझा प्रश्न नेमका इथलाच आहे ना?

तू दरवर्षी राजगडावर जातोस. कधी गुंजवण्याहून चोरदरवाज्याने, कधी पाली दरवाज्याने. गड तर तोच आहे, मग पुन्हा कशाला, असं तुला कोणी विचारत नाही. पहिल्या खेळात ल्युरेलिन नावाचं समुद्रकाठचं कोळ्यांचं गाव होतं. मी तिथे उगाच रेंगाळायचे, काही काम नसताना. दुसऱ्या खेळात मोठ्या हौसेनं तिकडे गेले, तर चाच्यांनी गाव लुटून मोडून टाकलेलं! नव्यानं खेळणाऱ्याला ती आणखी एक कामगिरी वाटेल. मला मात्र संताप आला, रडूही आलं. चाच्यांना हुसकावलं, लाकडं आणि तांदूळ आणून दिले, घरं पुन्हा उभी राहिली, तेव्हाच मी पुढे निघाले. पहिल्या भागात मी तिथे राहिले नसते तर हे काहीच झालं नसतं. मामा, हे दुसऱ्या भागालाच जमतं.

करणाऱ्यांचंही तसंच. या दोन्ही खेळांचे दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी. पहिल्या खेळातल्याच वस्तू घेऊन ते खटपट करत बसले. दातेरी चक्रांची चाकं करून गाडी बनवून पाहिली, आणि त्यातून सापडेल ते जोडून गाडी, होडी, विमान काहीही बनवण्याची कल्पना आली. दुसरी गंमत तर मला फारच आवडते. गुहेत शिरून चाचणी करताना परत बाहेर यायचा कंटाळा, म्हणून ते सरळ छतातून वर निघायची चोरवाट वापरत. मग वाटलं, ही सोय खेळणाऱ्यालाच का देऊ नये? आज ती त्या खेळातली एक मुख्य शक्ती आहे. कोऱ्या पाटीवर असं सुचत नाही. आधीचं घर बांधून झालेलं असतं, म्हणून छत फोडायचा विचार करायला सवड मिळते.

याच मालिकेत हे पूर्वीही घडलंय. १९९८च्या 'ओकारिना ऑफ टाइम'नंतर त्यावर काम केलेल्या एइजी आओनुमा यांना त्याच खेळाची फेरफार केलेली आवृत्ती करायला सांगितलं होतं. त्यांचं मन त्यात रमेना. तेव्हा मालिकेचे जनक मियामोतो म्हणाले, मग साधारण वर्षभरात नवा खेळ करून दाखव. वेळ कमी, म्हणून जुन्या खेळातल्याच माणसांना नवी नावं, नवी आयुष्यं दिली आणि सगळी गोष्ट तीन दिवसांत बसवली. चंद्र कोसळायच्या आत ते तीन दिवस पुन्हा पुन्हा जगायचे. २०००चा 'मेजोराज मास्क' तो हा. माझ्या मते मालिकेतला सगळ्यात धाडसी खेळ.

सगळेच पुढचे भाग असे नसतात, हे मान्य. 'कॉल ऑफ ड्यूटी' २००५पासून दरवर्षी येतो. त्याची जाहिरात पाहून माझं काही हलत नाही. उलट ॲडलेडच्या 'टीम चेरी' या अगदी छोट्या चमूचा 'सिल्कसाँग' हा पुढचा भाग जाहीर झाला २०१९मध्ये आणि हातात आला ४ सप्टेंबर २०२५ला. त्या दिवशी इतके लोक एकदम तुटून पडले की ऑनलाइन दुकानं कोलमडली. मीही त्या गर्दीत होते आणि मला त्याचा आनंदच आहे.

आता कन्सोलचं. ५ जून २०२५ला 'स्विच २' आला. जुन्या स्विचवर मी चार-पाच ओंडके जोडून काही मोठं यंत्र उभं केलं की चित्र अडखळायचं. नव्यावर, अपग्रेड घेतल्यावर, तेच हायरूल सेकंदाला साठ फ्रेम्सनी वाहतं, आणि बेटावरून खाली उडी मारल्यावर सगळी जमीन एका झोकात अंगावर येते. बहुतेक जुनी कार्डं त्यात चालतात, म्हणून माझी कोणतीच कमाई बुडाली नाही. किमतीबद्दल मात्र तुझी तक्रार रास्त आहे. 'मारिओ कार्ट वर्ल्ड' अमेरिकेत ८० डॉलरला ठेवला, तो मलाही महाग वाटतो. शिवाय इथे आपल्याला दुकानदारानं बाहेरून मागवलेला माल घ्यायचा, म्हणजे त्याचा भाव वर.

तर मामा, माझा जुना स्विच आता मोकळा झालाय आणि तो मी आईबरोबर तुझ्याकडे पाठवतेय. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'चं कार्ड आतच आहे, तुझ्या नावानं नवी सुरुवात करून ठेवलीय. पठारावर एक म्हातारा भेटेल, त्याच्याशी नीट बोल, तो सांगेल ती चार ठिकाणं शोध, मगच खाली उतरता येईल. थंड भागात जायच्या आधी मिरच्या गोळा करून शिजवून ठेव. ढग दाटले तर कडा चढायला घेऊ नकोस. अडलास तर फोन कर, पण आधी तासभर स्वतः धडपड.

तुझी,
चिमी